उत्तर मिळेपर्यंत : अणुसुरक्षा अभियंत्याची सरकारी नोकरी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मुंबईत चेंबूरच्या पुढे, ट्रॉम्बेच्या वाटेवर अणुशक्तीनगर लागते. तिथे नियामक भवन नावाची, भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची सरकारी इमारत आहे. या इमारतीत काम करणारे अभियंते वीज तयार करत नाहीत, अणुभट्टीचा आराखडा काढत नाहीत आणि भट्टी चालवतही नाहीत. ज्यांनी आराखडा काढला, ज्यांनी भट्टी बांधली आणि जे ती चालवतात, त्यांना प्रश्न विचारणे हे त्यांचे काम. त्या प्रश्नामागे अधिकार असतो. उत्तर पटेपर्यंत पायाचे काँक्रीट पडत नाही, इंधन भरले जात नाही, बंद पडलेली भट्टी पुन्हा सुरू होत नाही.

अणुऊर्जेच्या बाजूने आणि विरुद्ध मराठीत पुष्कळ बोलले गेले आहे. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या निमित्ताने तर कोकणात गावोगावी सभा झाल्या. त्या सगळ्या वादात सुरक्षा अभियंता मात्र क्वचितच दिसतो. त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, आणि आले तरी कुठेतरी काहीतरी बिघडल्यावरच येते. अणुऊर्जा हवी की नको, हा आजचा विषय नाही. ती आपल्याकडे १९६९ पासून आहे. ज्यांच्या भरवशावर ती चालते त्या माणसांचे काम नेमके काय असते, ते कुठे फळाला येते आणि कुठे अडते, हे आज पाहायचे आहे. प्रस्तुत वक्त्याच्या मते या नोकरीचे मर्म एका गोष्टीत आहे : एकदा निघालेली शंका उत्तर मिळेपर्यंत मरू द्यायची नाही. शंका काढणारा अभियंता हुशार असून भागत नाही. त्याची शंका वरपर्यंत पोचेल आणि तिथे तिला वजन मिळेल, अशी व्यवस्था राज्याने उभी करावी लागते.

आधी थोडे भौतिकशास्त्र, कारण त्यावाचून पुढचे काही कळणार नाही. कोळशाची भट्टी विझवली की प्रश्न संपतो. अणुभट्टीत विखंडनाची साखळी थांबवली तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या घरात. आकडे लहान वाटतात. पण २२० मेगावॅट वीज देणाऱ्या भारतीय भट्टीच्या गाभ्यातली उष्णता साडेसातशे मेगावॅटच्या आसपास असते. तिचे सहा टक्के म्हणजे पंचेचाळीस मेगावॅट. एवढी उष्णता कोणीतरी, कशाने तरी, अखंड काढून न्यावी लागते. म्हणून सुरक्षा अभियंत्याचा बहुतेक जीव बंद भट्टीत गुंतलेला असतो. वीज गेली, पंप थांबला, तर पाणी कुठून येणार? तेही थांबले तर? आणि हे दुसरे साधन पहिल्यापासून खरोखर स्वतंत्र आहे का?

हा शेवटचा प्रश्न नरोऱ्याने भारताला शिकवला.

उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. थकवा हा धातूचा रोग आहे. वारंवार ताण पडून बारीक तडा जातो आणि तो वाढत राहतो. तुटलेल्या पात्यांनी शेजारची पाती कापली, फिरता दांडा असमतोल झाला आणि भयंकर कंप सुरू झाला. जनरेटर थंड ठेवण्यासाठी त्यात हायड्रोजन वायू असतो. कंपाने त्याची सीलबंदी फुटली, हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. पाठोपाठ वंगणाचे तेल पेटले. चालकांनी मिनिटाच्या आत हाताने भट्टी बंद केली. इथवर घडले तो टर्बाइनचा अपघात होता. अणुभट्टीला त्यातून काही व्हायचे कारण नव्हते.

आग केबलींच्या वाटेने पसरली. केंद्राला विजेचे अनेक पर्याय होते : बाहेरच्या जाळ्यातली वीज, डिझेल जनरेटर, बॅटऱ्या. कागदावर ते एकमेकांपासून वेगळे होते. प्रत्यक्षात त्यांच्या केबली एकाच मार्गाने, एकमेकींच्या शेजारून गेल्या होत्या आणि मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. मुख्य आणि पर्यायी, दोन्ही एकाच आगीत जळाल्या. काही मिनिटांत केंद्राची सगळी वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि चालकांना तो सोडावा लागला. पुढचे सतरा तास नरोऱ्याची ती भट्टी विजेविना होती.

त्या रात्रीच्या चालकांबद्दल बोलताना आवाज जड होतो. भट्टी थंड होत जाताना साखळी पुन्हा सुरू होण्याची भीती होती, म्हणून काही जण हातात विजेऱ्या घेऊन अंधारात अणुभट्टीच्या इमारतीवर चढले आणि बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेते. ते द्रावण केवळ गुरुत्वाकर्षणाने गाभ्यात उतरेल अशी रचना आराखड्यात होती. वीज लागणार नव्हती. दुसऱ्या तुकडीने आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप सुरू करून त्यांचे पाणी वाफजनित्रांकडे वळवले. गाभ्यातले जड पाणी पंपाशिवाय, केवळ गरम-गार होण्याच्या फरकाने फिरत राहिले आणि उष्णता बाहेर जात राहिली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. अणुघटनांची गंभीरता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापनात या घटनेला तिसरी पातळी दिली गेली. भारतातल्या कोणत्याही अणुवीज केंद्रातली ही सर्वांत गंभीर घटना.

नरोऱ्याची गोष्ट सांगताना बहुतेक लोक चालकांच्या धैर्यापाशी थांबतात. सुरक्षा अभियंत्याला तिथे थांबता येत नाही. त्याला विचारावे लागते, की हे आधी कोणाला माहीत होते का?

उत्तर क्लेशदायक आहे. नरोऱ्याच्या अठरा वर्षे आधी, २२ मार्च १९७५ रोजी, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राऊन्स फेरी केंद्रात केबलींच्या भोकांतून हवा गळते का हे पाहण्यासाठी कामगारांनी मेणबत्ती धरली होती. भोकात भरलेल्या फोमने पेट घेतला आणि सोळाशेहून अधिक केबली जळाल्या. पर्यायी यंत्रणांच्या केबली वेगळ्या वाटेने न्या, मध्ये आगरोधक आडोसे ठेवा, हा धडा तेव्हापासून जगातल्या प्रत्येक नियामकाच्या टेबलावर होता. अमेरिकेने १९८० मध्ये त्याचे सक्तीचे नियम केले. पात्यांचेही तसेच. त्या काळात नियामक मंडळाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले त्या ए. गोपालकृष्णन यांनी पुढे लिहिले, की अशा रचनेच्या पात्यांना तडे जातात ही सूचना मूळ परदेशी रचनाकाराकडून १९८९ मध्येच आपल्या उत्पादकापर्यंत आली होती. माहिती देशात होती. ती भट्टीपर्यंत पोचली नाही.

नरोऱ्यानंतर पात्यांची रचना बदलली, केबलींचे मार्ग वेगळे केले गेले, आगरोधक आडोसे आले. आज भारतातल्या केंद्रात तपासणीला जाणारा तरुण अभियंता हातात नकाशा घेऊन एकेक केबल चालत तपासतो. आराखड्यातली रेघ आणि भिंतीवरचा ट्रे जुळतो का, हे बघायला दुसरा मार्ग नाही. हे काम कंटाळवाणे आहे, गरम आहे, आणि त्यात शिरल्याखेरीज सुरक्षेचा एकही शब्द खरा ठरत नाही.

माहिती असूनही ती न पोचणे हा भारताचाच दोष म्हणावा, तर अमेरिकेतली एक गोष्ट सांगायला हवी. जेम्स क्रेसवेल हे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे निरीक्षक. ओहायो राज्यातले डेव्हिस-बेसी केंद्र त्यांच्याकडे होते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी तिथे दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि बंदच झाली नाही. भट्टीतले पाणी त्या वाटेने निघून जात होते. पण मापकावर पाण्याची पातळी चढलेली दिसत होती. चालकांना वाटले पाणी जास्त झाले आहे, म्हणून त्यांनी आणीबाणीचे पाणी बंद केले. भट्टी त्या वेळी फक्त नऊ टक्के शक्तीवर होती आणि वीसेक मिनिटांत झडपेचा प्रकार कोणाच्या तरी लक्षात आला. नुकसान झाले नाही. अहवाल झाला, फाइल बंद होण्याच्या मार्गाला लागली.

क्रेसवेल यांनी ती बंद होऊ दिली नाही. मापक खोटे बोलत असताना चालक पुन्हा तसेच वागतील, आणि भट्टी पूर्ण शक्तीवर असेल तर काय होईल, असे ते विचारत राहिले. वरिष्ठांकडे, कंपनीकडे, पुन्हा वरिष्ठांकडे, वर्षाहून अधिक काळ. अखेर त्यांनी पायऱ्या ओलांडल्या आणि २२ मार्च १९७९ रोजी आयोगाच्या दोन सदस्यांना थेट भेटून आपले म्हणणे मांडले. सहा दिवसांनी, २८ मार्चच्या पहाटे, पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत तशीच झडप उघडी राहिली. भट्टीची मूळ निर्माती कंपनीही तीच होती. मापकावर तीच खोटी पातळी दिसली आणि चालकांनी तोच निर्णय घेतला. इथे भट्टी जवळजवळ पूर्ण शक्तीवर होती, आणि झडप उघडी आहे हे कळायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

एक सरकारी निरीक्षक बरोबर होता, चिकाटीचा होता, आणि त्याने नोकरशाहीच्या नियमांत बसेल ते आणि न बसेल ते सगळे केले. तरीही सहा दिवस कमी पडले. क्रेसवेल यांच्या अंगी जे होते ते प्रशिक्षणाने येते असे नाही, पण ते कोणात आहे हे ओळखता येते. त्याआधी वर्षभर त्यांच्या शंकेला कोणी वजन दिले नाही, हा माणसाचा नव्हे, रचनेचा दोष होता. थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकेने एका केंद्रातला अनुभव सर्व केंद्रांपर्यंत पोचवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि केंद्रांवर मुक्कामी निरीक्षक ठेवण्याची पद्धत पक्की केली.

भारताचे नियामक मंडळ त्यानंतर चार वर्षांनी आले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, अणुऊर्जा कायदा १९६२ मधल्या अधिकारांखाली, सरकारी आदेशाने. त्याआधी अणुऊर्जा विभागाचीच एक समिती सुरक्षेचा आढावा घेत असे. मंडळाची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची आहे. जागेला संमती, बांधकामाला संमती, मग इंधन भरणे, साखळी प्रथम सुरू करणे, शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवणे. प्रत्येक पायरीवर वेगळे कागद, वेगळी समिती, वेगळी सही. चालू केंद्रांचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो आणि तो नव्याने घ्यावा लागतो. किरणोत्साराच्या मर्यादाही मंडळच ठरवते. भट्टीत काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून जास्त नाही. सामान्य नागरिकाला केंद्रामुळे वर्षाला १ हून जास्त नाही. एका वर्षाची कमाल मर्यादा जगात अनेक ठिकाणी ५० आहे. भारताने ती तीसवर आणली, आणि हा निर्णय कंत्राटी कामगाराच्या अंगाशी थेट जोडलेला असल्यामुळे तो कौतुकाला पात्र आहे.

या सह्यांमागचा माणूस कसा विचार करतो, हे काक्रापारच्या उदाहरणावरून नीट कळते. गुजरातमध्ये सुरतेजवळ काक्रापार केंद्र आहे. ११ मार्च २०१६ रोजी, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, तिथल्या पहिल्या भट्टीतून जड पाणी गळू लागले. या प्रकारच्या भट्टीत इंधन एका मोठ्या भांड्यात नसते. ३०६ आडव्या दाबनलिकांत ते विभागलेले असते. नलिका झिर्कोनियम आणि नायोबियमच्या मिश्रधातूच्या. त्यांतली एक फुटली. भट्टी आपोआप बंद झाली, गाभा थंड राहिला, कोणालाही मर्यादेबाहेर किरणोत्सार लागला नाही. मापनात पहिली पातळी. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी आठवड्यात संपली.

मंडळाच्या दृष्टीने ती तीन वर्षे चालली. कारण या नलिकांच्या सुरक्षेचा सगळा तर्क एका गृहीतावर उभा आहे : नलिका फुटण्याआधी ती थोडी झिरपेल, आजूबाजूच्या वायूत ओलावा दिसेल, आणि चालकांना भट्टी बंद करायला वेळ मिळेल. काक्रापारला ती आगाऊ सूचना मिळाली नाही. त्यात नलिका जुन्या नव्हत्या. सगळ्या बदलून भट्टी २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली होती. शेजारच्या दुसऱ्या भट्टीतही २०१५ मध्ये गळती झाली होती. एकाच ठिकाणी दोन. फुटलेली नलिका बाहेर काढून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. गंज आतून नव्हता, बाहेरून होता, जिथे नेहमी कोणी पाहत नसे. नलिकेभोवतीच्या कार्बन डायऑक्साइड वायूतल्या अशुद्धींकडे संशय वळला. मग बाहेरचा पृष्ठभाग तपासण्याची साधने तयार करावी लागली आणि बाकीच्या केंद्रांतल्या नलिकाही पाहाव्या लागल्या. ती भट्टी २०१९ मध्येच पुन्हा चालू झाली.

तीन वर्षे २२० मेगावॅट वीज नाही, म्हणजे महसूल नाही. बाहेर कोणालाही इजा झालेली नाही. असे असताना ‘अजून कारण पूर्ण कळलेले नाही’ हे वाक्य महिन्यामागून महिना टिकवून धरणे सोपे नसते. चालवणारे अभियंते शत्रू नसतात. ते सक्षम असतात, त्यांनाही भट्टी सुरक्षितच हवी असते, आणि त्यांच्याकडे नेहमी एखादे वाजवी स्पष्टीकरण असते. वाजवी आणि सिद्ध यांच्यातले अंतर राखणे, हीच सुरक्षा अभियंत्याची नोकरी. काक्रापारला ती मंडळाच्या अभियंत्यांनी चोख बजावली आणि तिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत आहे.

तारापूरची कथा वेगळ्या जातीची. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांनी व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली. फुकुशिमाची पहिली भट्टी याच कुळातली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तारापूरच्या दोन भट्ट्यांत अनेक सुरक्षा यंत्रणा सामायिक होत्या. एकीवर संकट आले तर दुसरीही त्यात ओढली जाण्याची शक्यता. २००० नंतर मंडळाने या जुन्या भट्ट्यांचा पायापासून आढावा घेतला. आयआयटी मुंबईतले उष्णता-अभियांत्रिकीचे प्राध्यापक सुहास सुखात्मे तेव्हा अध्यक्ष होते, अणुऊर्जा विभागाबाहेरून आलेले. आढाव्याचा परिणाम म्हणून २००५-०६ मध्ये भट्ट्या बंद ठेवून वीजपुरवठा वेगळा केला गेला, मोठ्या क्षमतेचे नवे डिझेल जनरेटर बसवले गेले, पर्यायी नियंत्रण कक्ष आला. फुकुशिमा घडण्याच्या पाच वर्षे आधी. २०११ नंतर त्यावर आणखी भर पडली : बाहेरून पाणी जोडता येईल अशी तोंडे, हलवता येणारे पंप, मोठ्या भूकंपात भट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणा.

फुकुशिमात जिने घात केला त्या त्सुनामीची चव भारताने आधीच घेतली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी कल्पाक्कम केंद्राच्या पंपघरात समुद्र शिरला. चालू असलेली दुसरी भट्टी सुरक्षित बंद केली गेली, पाहणी झाली आणि मंडळाच्या परवानगीने काही दिवसांतच ती पुन्हा सुरू झाली. तिथे मूळ इमारती उंचावर होत्या, म्हणून निभावले.

सुरक्षा अभियंता म्हटले की डोळ्यांसमोर भट्टीचा घुमट येतो. मंडळाच्या कामाचा फार मोठा भाग मात्र घुमटाखाली नाही. तो तालुक्याच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये आहे, कर्करोग रुग्णालयातल्या उपचारयंत्रात आहे, पाइपलाइनच्या जोडांचे फोटो काढणाऱ्या कंत्राटदाराच्या गाडीत आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला आणि इतर अनेक जण होरपळले. हे कोबाल्ट ज्यात होते ते उपकरण एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले. १९६८ मध्ये घेतलेले, पुढे अनेक वर्षे पडून राहिलेले आणि शेवटी भंगारात लिलाव झालेले. आंतरराष्ट्रीय मापनात त्याला चौथी पातळी मिळाली, नरोऱ्याहून वरची. ज्याचा जीव गेला तो भंगार फोडून पोट भरणारा मजूर होता. समोर काय आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. किरणोत्साराचा धोका अणुकेंद्राच्या कुंपणाआड असतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी मायापुरी विसरू नये.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, महालेखापरीक्षकांचा नियामक मंडळावरचा अहवाल संसदेसमोर आला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ९१ टक्के मंडळाकडे नोंदणीशिवाय चालत असल्याचे त्यात म्हटले होते. नियम मोडणाऱ्याला होणारा दंड इतका किरकोळ होता की त्याची जरब बसणे शक्य नव्हते. आणि मूळ दुखणे : मंडळ कायद्याने निर्माण झालेले नव्हते, आदेशाने झाले होते, आदेश बदलता येतो. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव, म्हणजे भट्ट्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या खात्याचा प्रमुख. या भट्ट्या चालवणाऱ्या सरकारी महामंडळाचे मुख्यालयही अणुशक्तीनगरातच आहे. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे बहुधा एकाच प्रशिक्षण शाळेत शिकलेले. त्यात गैर काही नाही. विषय जाणणारी माणसे देशात दुसरीकडे कुठे मिळणार? पण जिथे माणसे इतकी जवळ असतात तिथे संस्थांमधले अंतर कायद्याने आखून द्यावे लागते.

गोपालकृष्णन यांनी अध्यक्षपदावर असताना विभागाच्या केंद्रांमधल्या शंभराहून अधिक सुरक्षाविषयक त्रुटींची यादी करून घेतली. १९९६ मध्ये मुदत संपल्यावर ते उघडपणे लिहू-बोलू लागले. विभागाने त्यांच्या अनेक म्हणण्यांना आक्षेप घेतला. त्यातले कोणाचे किती बरोबर, हा निवाडा आज करण्याची गरज नाही. अध्यक्षाला पद सोडल्यावरच मोकळेपणी बोलता यावे, ही स्थिती मात्र कोणत्याही बाजूने पाहिली तरी वाईट आहे. पुढे २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रच मंडळाच्या अखत्यारीतून काढून स्वतःच्या अंतर्गत परिषदेकडे दिले गेले. ज्या देशाची सर्वांत मोठी अणुप्रयोगशाळा नियामकाच्या नजरेबाहेर आहे, तिथे नियामकाच्या शब्दाला आपोआप थोडा उणेपणा येतो.

जपानमध्ये अशा जवळिकीचा शेवट काय झाला ते जगाने पाहिले. तिथली नियामक संस्था अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्याच आत होती. फुकुशिमाच्या कंपनीकडे पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते असा अंदाज २००८ पासून होता. त्यावर वेळेत कृती झाली नाही आणि नियामकाने ती करून घेतली नाही. संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरवला. त्याच सप्टेंबरमध्ये जपानने जुनी संस्था मोडून नवी स्वतंत्र संस्था उभारली.

भारतात नव्या नियामकासाठी २०११ मध्ये विधेयक आले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर २०१४ मध्ये व्यपगत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा कायदा मागे टाकला, खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले आणि नियामक मंडळाला पहिल्यांदाच कायद्याचे अधिष्ठान दिले. बेचाळीस वर्षांनी. याचे स्वागतच व्हायला हवे. पण आजवर प्रश्न विचारणारा सरकारी होता आणि उत्तर देणाराही सरकारी. यापुढे समोर भागधारक असलेल्या, वेळापत्रक आणि कर्जाचे व्याज मोजणाऱ्या कंपन्या असतील. काक्रापारसारखी तीन वर्षे त्यांच्याकडून मागायची, तर मंडळाकडे अधिक माणसे लागतील, त्यांना बाजाराच्या तोलामोलाचे वेतन लागेल, आणि आपल्या विश्लेषणासाठी प्रतिपक्षाच्या संगणकावर अवलंबून राहावे लागणार नाही इतके स्वतःचे संशोधनबळ लागेल. नेमणुका कोण करतो आणि काढून कोण टाकू शकतो, हे कायद्याच्या कलमांइतकेच त्यांच्या वापरातून ठरणार आहे. पहिली काही वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची आहेत.

आणि हे पाहणार कोण? अणुकेंद्राभोवती सोळा किलोमीटरचा आणीबाणी-नियोजनाचा टापू असतो. अपघात झालाच तर त्या टापूतल्या लोकांना हलवणे, आयोडीनच्या गोळ्या देणे, रस्ते रोखणे ही जबाबदारी केंद्राची नसून जिल्हाधिकाऱ्याची असते, आणि त्याचा सराव ठरावीक काळाने घ्यावा लागतो. तारापूरच्या बाबतीत हा टापू पालघर जिल्ह्यात येतो : बोईसरची औद्योगिक वसाहत आणि परराज्यांतून आलेले हजारो कामगार, किनाऱ्यावरची मच्छीमारांची गावे, आतल्या बाजूला आदिवासी पाडे. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. या माणसांनी केंद्राला जमीन दिली आहे, किनारा दिला आहे. त्यांना त्या बदल्यात सुरक्षेची जी माहिती मिळते ती बहुतेक वेळा ‘सर्व काही सुरक्षित आहे’ एवढीच असते, आणि तेवढ्याने कोणत्याही शहाण्या माणसाचे समाधान होणार नाही.

मंडळ आपला वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते, घटनांची नोंद देते; ही चांगली सवय आहे. तो अहवाल पालघरच्या माणसाने वाचावा अशा भाषेत नसतो. प्रस्तुत वक्त्याची मागणी साधी आहे. तारापूरच्या टापूतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मंडळाच्या तपासणीचा मराठी सारांश दर वर्षी ग्रामसभेसमोर वाचला जावा : कोणत्या त्रुटी सापडल्या, कोणत्या दुरुस्त झाल्या, कोणत्या राहिल्या आणि का. सरावात काय फसले तेही त्यात असावे. ग्रामसभेत निघालेल्या शंका लिहून घेतल्या जाव्यात, आणि ठरलेल्या मुदतीत त्यांचे लेखी उत्तर देण्याची जबाबदारी नियामक भवनातल्या एका अभियंत्याच्या नावावर टाकली जावी. नव्या कायद्याखाली मंडळाने नियम करायचे आहेत. हा नियम त्यांत घालायला आज कोणतीही अडचण नाही.